कारखान्याची स्थिर मालमत्ता : ताळेबंदातील आकडा कसा वाचावा?

थळच्या किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे पाहिले, तर खांदेरी-उंदेरीचे जलदुर्ग दिसतात. पाठ वळवली, की राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या कारखान्याचे उंच मनोरे दृष्टीस पडतात. भारतीय खत महामंडळाच्या पुनर्रचनेतून १९७८ साली ही कंपनी अस्तित्वात आली आणि १९८५ च्या सुमारास थळचा कारखाना सुरू झाला. मुंबई हायच्या नैसर्गिक वायूच्या आधारावर उभारलेले अमोनियाचे दोन व युरियाचे तीन संच, पेणहून कारखान्यापर्यंत टाकलेला लोहमार्ग, कुरूळची कर्मचारी वसाहत, रस्ते, साठवण टाक्या, वीजनिर्मितीची यंत्रे असा हा मोठा पसारा आहे.

या साऱ्याची किंमत किती, हा प्रश्न परिसरातील ग्रामपंचायत सदस्याला, शिक्षकाला किंवा तालुक्याच्या अधिकाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे. उत्तर शोधण्याचा मार्गही अवघड नाही. कंपनीचा वार्षिक अहवाल सर्वांना उपलब्ध असतो. त्यातील ताळेबंद उघडला, की मालमत्तेच्या बाजूस पहिल्याच ओळीत स्थिर मालमत्तेचा आकडा छापलेला आढळतो. मात्र तो आकडा कारखान्याची किंमत सांगत नाही आणि सांगण्याचा त्याचा हेतूही नसतो. तो दुसरेच काही सांगतो. ते नेमके काय, हे कळले नाही म्हणजे वाचणारा दोन टोकांना जातो. जमिनीसमोरचा आकडा पाहून आपली फसवणूक झाली असे एकाला वाटते, तर यंत्रसामग्रीची उतरलेली रक्कम पाहून कारखाना आता बंद पडणार अशी दुसऱ्याची समजूत होते. पहिल्याच्या भावनेला वेगळा आधार असू शकेल. तथापि ताळेबंदातील आकडा या दोहोंपैकी कशाचाच पुरावा होत नाही.

स्थिर आणि स्थावर

महसूल खात्याच्या कागदपत्रांत आपण 'स्थावर' आणि 'जंगम' हे शब्द नित्य वापरतो. जमीन, घर, विहीर ही स्थावर. गाडी, होडी, दागिने ही जंगम. कंपनीच्या ताळेबंदातील 'स्थिर मालमत्ता' ही कल्पना याहून निराळी आहे. वस्तू जागेवरून हलते की नाही, हा तेथे प्रश्नच नसतो. ती विकण्यासाठी घेतली की वापरण्यासाठी, आणि वापर एका वर्षापुरता आहे की अनेक वर्षांचा, एवढेच पाहिले जाते. म्हणून मांडव्याच्या धक्क्यावर प्रवासी उतरवणारी लाँच रोज समुद्र ओलांडत असली, तरी ती तिच्या मालक कंपनीची स्थिर मालमत्ताच होय. उलट, लाँच बांधून विकणाऱ्या कारखान्याच्या आवारात तशीच लाँच उभी असेल, तर तो विक्रीचा माल ठरतो आणि चालू मालमत्तेत जातो. थळच्या गोदामातील युरिया चालू मालमत्तेत मोडतो. तो युरिया बनवणारा संच मात्र स्थिर मालमत्ता ठरतो.

१९५६ च्या कंपनी कायद्यातील सहाव्या परिशिष्टात या मालमत्तेची यादीच दिलेली होती. जमीन, इमारती, भाडेपट्टे, रेल्वेच्या खासगी मार्गिका, यंत्रसामग्री, लाकडी सामान, वाहने यांच्याबरोबर त्या यादीत पशुधनही होते. मळे आणि दुग्धशाळा चालवणाऱ्या कंपन्यांचा विचार करणाऱ्या काळाची ती खूण म्हणावी लागेल. आता २०१३ चा कंपनी कायदा लागू आहे. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या भारतीय लेखा मानकांनुसार 'स्थिर मालमत्ता' हे जुने शीर्षक जाऊन त्याजागी 'मालमत्ता, संयंत्र व उपकरणे' असे शीर्षक आले आहे. बोलण्यात मात्र जुनाच शब्द रुळलेला आहे आणि तोच या लेखात वापरला आहे.

शासनाचा हिशेब आणि कंपनीचा हिशेब

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा परिचय शासकीय किंवा पंचायतीच्या हिशेबाशी असतो. तेथे पैसा ज्या वर्षी गेला, त्या वर्षीचा तो खर्च. ग्रामपंचायतीने यंदा शाळेची खोली बांधली, तर सारी रक्कम यंदाच्या जमाखर्चात पडते. पुढच्या वर्षी त्या खोलीचा जमाखर्चात मागमूसही राहत नाही. ती उरते फक्त नमुना क्रमांक २२ च्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत. रस्ता असेल तर नमुना २३ मध्ये आणि जमीन असेल तर नमुना २४ मध्ये. अनेक ठिकाणी या नोंदवह्या अद्ययावत नसतात हे खरे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कंपनीत तसे करून चालत नाही. पंचवीस वर्षे चालणाऱ्या यंत्राचा सारा खर्च पहिल्याच वर्षाच्या माथी मारला, तर त्या वर्षी प्रचंड तोटा दिसेल आणि पुढील चोवीस वर्षे नफा फुगलेला दिसेल. भागधारक, बँक, कर खाते या साऱ्यांची त्यात दिशाभूल होईल. म्हणून खर्चाचे दोन भाग पाडतात. ज्याचा उपयोग वर्षभरातच संपतो तो महसुली खर्च. तो नफा-तोटा पत्रकात जातो. ज्याचा उपयोग अनेक वर्षे पुरतो तो भांडवली खर्च. तो ताळेबंदात स्थिर मालमत्ता म्हणून ठेवतात आणि दरवर्षी थोडा थोडा नफा-तोटा पत्रकाकडे वळवतात. स्थिर मालमत्तेचा आकडा म्हणजे, थोडक्यात सांगायचे तर, झालेल्या पण अद्याप नफ्यातून वजा न केलेल्या खर्चाची शिल्लक होय. त्याला 'किंमत' म्हणण्याची सवय लागल्यामुळेच सारा घोटाळा होतो.

किनारपट्टीवर या दोन खर्चांची सीमारेषा विशेष वादाची ठरते. खाऱ्या वाऱ्याने लोखंड झपाट्याने गंजते. टाकीला वर्षाआड रंग लावणे हा महसुली खर्च आहे, कारण त्यामुळे टाकी केवळ पूर्वस्थितीत राहते. गंजलेली संपूर्ण नलिका काढून वेगळ्या धातूची, अधिक टिकाऊ नलिका टाकली, तर तो भांडवली खर्च होतो आणि जुनी नलिका पुस्तकातून काढून टाकावी लागते. या दोन टोकांच्या मध्ये जी कामे पडतात, त्यांत व्यवस्थापनाच्या हेतूला वाव मिळतो. नफा जास्त दाखवायचा असेल तर दुरुस्तीलाही भांडवली म्हणण्याचा मोह होतो. लेखापरीक्षकाची खरी कसोटी येथे लागते.

मूळ खर्चात काय काय येते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुरूडच्या किनाऱ्यावर एका कंपनीने मासळीसाठी बर्फाचा कारखाना घातला. यंत्राचे बिल ४० लाख रुपयांचे झाले. ते घाटमार्गे ट्रकने आणण्यास १ लाख, त्याचा काँक्रीटचा पाया घालण्यास ३ लाख आणि उभारणी व चाचणी यांसाठी २ लाख रुपये लागले. पुस्तकात यंत्राची नोंद ४० लाखांना होणार नाही. ती ४६ लाखांना होईल. यंत्र वापरण्यायोग्य जागी व वापरण्यायोग्य स्थितीत आणण्यासाठी जे जे अपरिहार्यपणे खर्चावे लागले, ते सारे यंत्राचाच खर्च मानले जाते. उद्घाटनाच्या समारंभाचा मंडप, निमंत्रणपत्रिका व पाहुण्यांचे जेवण मात्र त्यात धरता येत नाही. त्याचप्रमाणे वस्तू व सेवा कराची जी रक्कम वजावट म्हणून परत मिळते, तीही मूळ खर्चात धरत नाहीत.

बांधकाम दीर्घकाळ चालणार असेल, तर त्यासाठी काढलेल्या कर्जावरील बांधकामकाळातील व्याजही या खर्चात मिळवतात. प्रकल्प रेंगाळला की त्याची पुस्तकी रक्कम का वाढत जाते, याचे एक कारण येथे सापडते. आणखी एक बाब किनाऱ्यावरील वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर धक्का मोडून किनारा पूर्ववत करून देण्याचे बंधन कंपनीवर असेल, तर त्या भावी खर्चाचा आजचा अंदाजही मालमत्तेच्या खर्चात मिळवावा लागतो आणि तेवढेच दायित्व दुसऱ्या बाजूस दाखवावे लागते. एखादी कंपनी तसे बंधन मानते की नाही, हे तिच्या अहवालातील टिपा वाचून कळू शकते.

घसारा

आता तो बर्फाचा कारखाना चालू झाला. यंत्र १५ वर्षे उपयोगी पडेल असे धरू. शेवटी भंगाराची जी किंमत येईल, ती मूळ खर्चाच्या ५ टक्क्यांहून अधिक धरू नये, असा कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीचा सर्वसाधारण दंडक आहे. ४६ लाखांचे ५ टक्के म्हणजे २ लाख ३० हजार. उरलेले ४३ लाख ७० हजार रुपये १५ वर्षांत समान वाटले, तर दरवर्षी सुमारे २ लाख ९१ हजार रुपये पडतात. हा घसारा. दहा वर्षांनी साचलेला घसारा सुमारे २९ लाख १३ हजार होतो आणि ताळेबंदात यंत्रासमोर १६ लाख ८७ हजार एवढीच रक्कम उरते. त्याच यंत्राची आज बाजारात काय किंमत येईल, नवे घ्यायचे तर किती पडेल, यांपैकी कशाचाही या १६ लाख ८७ हजारांशी संबंध नाही.

दुसऱ्या अनुसूचीत निरनिराळ्या वस्तूंची उपयुक्त आयुष्ये दिली आहेत. कारखान्याची इमारत ३० वर्षे, सलोह काँक्रीटच्या सांगाड्याची अन्य इमारत ६० वर्षे, सर्वसाधारण यंत्रसामग्री १५ वर्षे, अखंड चालणारे प्रक्रिया संयंत्र २५ वर्षे, मोटारगाडी ८ वर्षे, टेबलावरचा संगणक ३ वर्षे. तांत्रिक आधार असेल तर कंपनीला निराळे आयुष्य धरता येते. मात्र त्याचे समर्थन अहवालात द्यावे लागते. आयुष्य लांबवले की वार्षिक घसारा घटतो व नफा वाढतो. म्हणून एखाद्या वर्षी नफा एकाएकी वाढलेला दिसला, तर त्या वर्षी आयुष्याचा अंदाज बदलला आहे काय, हे टिपांमध्ये जरूर पाहावे.

एकच वस्तू वेगवेगळ्या आयुष्यांच्या भागांची बनलेली असते, हे कोळी बांधवांना कोणी शिकवण्याची गरज नाही. रेवदंड्याच्या किंवा बोडणीच्या यांत्रिक नौकेचा सांगाडा एका हिशेबाने टिकतो, इंजिन त्याआधी दगा देते आणि जाळी तर त्याहून लवकर बदलावी लागतात. नौका घेताना तांडेल हे सारे मनात धरूनच पैशाची तजवीज करतो. लेखाशास्त्राला हे शहाणपण नियमाच्या रूपाने सांगण्यास बराच काळ लागला. आता मोठ्या यंत्राचे महत्त्वाचे भाग वेगळे काढून प्रत्येकाचा घसारा त्याच्या आयुष्याप्रमाणे काढणे बंधनकारक आहे. कारखाना काही आठवडे बंद ठेवून केलेल्या मोठ्या तपासणीचा खर्चसुद्धा, ठरावीक अटी पूर्ण होत असतील तर, स्वतंत्र भाग मानून पुढील तपासणीपर्यंतच्या काळात वाटतात.

घसाऱ्याविषयी एक गैरसमज सुशिक्षितांमध्येही आढळतो. घसारा काढला म्हणजे तेवढे पैसे नवे यंत्र घेण्यासाठी बाजूला ठेवले गेले, असे समजले जाते. तसे काही होत नाही. घसारा ही जुन्या खर्चाची पुस्तकी वाटणी आहे; त्यासाठी तिजोरीत निराळी पिशवी ठेवलेली नसते. नफा-तोटा पत्रकात तो खर्च म्हणून वजा होतो, पण त्या वर्षी त्यापोटी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. तो पैसा कंपनीच्या हाती राहतो आणि बहुधा कच्चा माल, कर्जफेड किंवा अन्य कामांत गुंतून जातो. यंत्र बदलण्याची वेळ येते तेव्हा तजवीज नव्यानेच करावी लागते, तीही त्या वेळच्या वाढलेल्या भावाने.

जमीन

जमिनीला घसारा नाही. ती झिजत नाही असे गृहीत धरले जाते. खारबंदिस्ती फुटून शेतात उधाणाचे पाणी शिरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे गृहीतक थोडे धाडसाचे वाटेल. असो. घसारा नसल्यामुळे जमीन ज्या खर्चाला घेतली त्याच आकड्यावर ती वर्षानुवर्षे पुस्तकात बसून राहते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी संपादन केलेली जमीन त्या काळच्या मोबदल्यालाच दिसते. शेजारच्या गावात आज जमिनीचा भाव काय आहे, याची ताळेबंदाला दखल नसते. पुनर्मूल्यन करून आजच्या किमतीला मालमत्ता दाखवण्याचा पर्याय लेखा मानकांत आहे. पण तो कंपनीच्या इच्छेवर अवलंबून आहे आणि आपल्या देशात बहुसंख्य कंपन्या मूळ खर्चाचीच पद्धत चालवतात.

एका प्रसंगी मात्र जमिनीचा हा मूळ आकडाही हलतो. संपादनाच्या निवाड्याविरुद्ध जमीनधारक न्यायालयात गेले आणि वाढीव मोबदला मंजूर झाला, तर ती वाढ जमिनीच्या खर्चात मिळवली जाते. निकाल लागेपर्यंत तो दावा सामान्यतः ताळेबंदाच्या मुख्य आकड्यांत दिसत नाही. तो 'संभाव्य दायित्वे' या शीर्षकाच्या टिपेत उल्लेखिलेला असतो. ज्या गावांचे असे दावे प्रलंबित आहेत, त्यांनी अहवालाचे हे पान चुकवू नये. आपल्या मागणीकडे कंपनी किती गांभीर्याने पाहते, हे त्या टिपेवरून समजते.

जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र हिशेबाच्या वहीत सुटत नाही, याची साक्ष याच जिल्ह्यात आहे. उरण-पनवेल भागात नव्या मुंबईसाठी झालेल्या संपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ जमीनधारकांना परत देण्याचे धोरण पुढे आले. मूळ खर्चावर गोठलेला आकडा आणि जमिनीचे वाढते मोल यांतील अंतर लोकांनी तेथे ताळेबंदाबाहेर, रस्त्यावर उतरून मांडले.

जमीन मालकीची नसून भाडेपट्ट्याची असेल, तर हिशेब बदलतो. रोहा, महाड, तळोजा येथील औद्योगिक क्षेत्रांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या पट्ट्याने देते. अशा जमिनीचा हक्क मुदतीचा असल्याने त्यासाठी दिलेली रक्कम त्या मुदतीत वाटून कमी करत न्यावी लागते. ताळेबंदात ती 'वापराच्या हक्काची मालमत्ता' म्हणून स्वतंत्र ओळीत असते. धक्के व बंदरे यांच्या बाबतीत मालकीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. मांडव्याचा धक्का महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत आहे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा खासगी कंपनी चालवते. बोट तिची, धक्का तिचा नव्हे. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात १९९७ साली ३० वर्षांच्या कराराने देशातील पहिला खासगी कंटेनर धक्का देण्यात आला. अशा करारांत मुदत संपल्यावर बांधकाम बंदराकडे परत जात असल्याने, करारातील अटींनुसार ते चालवणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदात काँक्रीट व लोखंड म्हणून न दिसता एका हक्काच्या, म्हणजेच अमूर्त मालमत्तेच्या रूपाने दिसू शकते. डोळ्यांना दिसणारे आणि ताळेबंदात असणारे यांची अशी फारकत पुष्कळदा होते.

थळचे भांडवल आणि सरकारी तिजोरी

हा सारा विषय भागधारकांपुरताच आहे, असे कोणी म्हणेल. खत कारखान्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, आणि येथे थळचे उदाहरण विशेष बोलके आहे.

शेतकऱ्याला युरिया ठरावीक स्वस्त दराने मिळावा, पण कारखानाही तोट्यात जाऊ नये, या दुहेरी हेतूने केंद्र सरकारने शरद मराठे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून नोव्हेंबर १९७७ पासून 'धारण किंमत' योजना सुरू केली. प्रत्येक कारखान्यासाठी निराळी किंमत ठरे. तीत कच्चा माल, मजुरी, दुरुस्ती यांबरोबर घसारा, व्याज आणि कंपनीच्या स्वतःच्या भांडवलावर करोत्तर १२ टक्के परतावा धरलेला असे. विक्रीची किंमत त्याहून कमी असल्यामुळे मधली तफावत सरकार अनुदान म्हणून देई. म्हणजे कारखान्याच्या ताळेबंदातील स्थिर मालमत्तेचा आकडा घसारा, व्याज आणि परतावा अशा तीन वाटांनी थेट केंद्राच्या अर्थसंकल्पापर्यंत पोहोचत होता.

या योजनेने देशाची खत उत्पादनक्षमता वाढवली, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. पण तीत एक उणीव होती. जेवढे भांडवल जास्त तेवढी मान्य किंमत जास्त, असे सूत्र असल्यावर प्रकल्प काटकसरीने उभारण्याची निकड उरत नाही. उपकरणे गरजेपेक्षा मोठी घेतली, बांधकाम लांबले, व्याज साचले, तरी तो खर्च शेवटी किमतीत भरून निघे. जाणकारांनी या योजनेवर हा आक्षेप सातत्याने घेतला होता. एप्रिल २००३ पासून युरियासाठी ही पद्धत जाऊन कारखान्यांचे गट पाडून किंमत ठरवण्याची योजना आली, तिच्यामागे हाही विचार होता.

थळसारख्या कारखान्याचा बराचसा मूळ खर्च आता घसाऱ्याच्या रूपाने वसूल होऊन गेलेला आहे. म्हणूनच त्याची पुस्तकी शिल्लक कमी दिसली, तर ते मोडकळीचे लक्षण समजू नये. भांडवलाचा बोजा हलका झाल्यामुळे अशा कारखान्याच्या प्रत्येक टनावर घसारा व व्याज कमी पडते. नव्या कारखान्याला ते जड जाते. दुसरी बाजूही आहे. जुन्या संचांना टनामागे ऊर्जा अधिक लागते. ती वाचवण्यासाठी सुधारणा करायच्या, तर पुन्हा भांडवली खर्च आलाच. तो होत आहे की नाही, हे स्थिर मालमत्तेच्या तक्त्यात 'वर्षातील भर' या रकान्यात दिसते. हा रकाना वर्षानुवर्षे रिकामा राहिला, तर मात्र काळजीचे कारण आहे.

टिपांची पाने

ताळेबंदात स्थिर मालमत्ता एका ओळीत असते. खरी माहिती मागच्या टिपांत असते. तेथे एक रुंद तक्ता आढळतो. जमीन, इमारती, यंत्रसामग्री, लोहमार्ग, वाहने अशा प्रत्येक वर्गाचा वर्षारंभीचा मूळ खर्च, वर्षातील भर, काढून टाकलेली मालमत्ता, साचलेला घसारा आणि उरलेली शिल्लक त्यात असते. मूळ खर्च १०० आणि शिल्लक ३० असेल, तर यंत्रसामग्रीचे बहुतेक पुस्तकी आयुष्य संपले आहे, एवढा अंदाज सहज बांधता येतो.

अपूर्ण भांडवली कामांचा तक्ता निराळा असतो. थळचा कारखाना बांधला जात होता, त्या साऱ्या वर्षांत त्यावर होणारा खर्च याच शीर्षकाखाली जमत गेला असणार. उत्पादन सुरू होईपर्यंत त्यावर घसारा निघत नाही. २०२१ च्या सुधारणेनंतर ही कामे किती काळ रखडली आहेत, ते एक वर्षाच्या आतील, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जुनी अशी फोड करून दाखवावे लागते. मुदत उलटलेल्या किंवा अंदाजापेक्षा महाग पडलेल्या प्रकल्पांचीही माहिती द्यावी लागते. आपल्या तालुक्यात अर्धवट उभ्या असलेल्या एखाद्या प्रकल्पाविषयी कुतूहल असेल, तर हा तक्ता अफवांपेक्षा अधिक भरवशाचा आहे.

त्याच सुधारणेने आलेली दुसरी तरतूद महसूल खात्याच्या दृष्टीने मोलाची आहे. जी स्थावर मालमत्ता कंपनीच्या ताब्यात आहे, पण जिचे मालकीचे कागद तिच्या नावे नाहीत, तिचे वर्णन, पुस्तकी रक्कम, कागद कोणाच्या नावे आहेत, केव्हापासून ताबा आहे आणि नाव का लागले नाही, हे सारे आता जाहीर करावे लागते. लेखापरीक्षकालाही यावर स्वतंत्र अभिप्राय द्यावा लागतो. सातबारावरील नावे फेरफाराअभावी जुनीच राहिल्याची प्रकरणे तलाठी कार्यालयांना नवी नाहीत. संपादन झाले, ताबा गेला, पण फेरफार झाला नाही, अशा जमिनींवर पुढे वारसांमध्ये आणि कंपनीमध्ये वाद उभे राहतात. ही टीप आणि गावचा सातबारा शेजारी ठेवून पाहिले, तर अशी प्रकरणे वेळीच नजरेस येतील.

राहिला ग्रामपंचायतीच्या कराचा प्रश्न. कारखान्याच्या ताळेबंदातील शिल्लक घटली म्हणून घरपट्टीही घटली पाहिजे, असा युक्तिवाद कोणी केला तर तो टिकणारा नाही; आणि कंपनीची मालमत्ता अमुक कोटींची असल्याचे दाखवून पंचायतीने त्यावर आकारणी करणेही तितकेच चुकीचे आहे. ग्रामपंचायतीची आकारणी १९५८ च्या अधिनियमातील कलम १२४ व त्याखालील नियमांप्रमाणे होते. २०१५ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनंतर ती भांडवली मूल्यावर, म्हणजे इमारतीचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय, वापर आणि शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता यांवर आधारलेली आहे. इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा तेथेही धरतात. पण तो नियमांनी ठरवलेला घसारा असतो, कंपनीच्या पुस्तकातला नव्हे. शिवाय कंपनीचा ताळेबंद तिच्या सर्व ठिकाणांचा एकत्रित असतो. राष्ट्रीय केमिकल्सच्या ताळेबंदात थळबरोबर तुर्भेचा कारखानाही सामावलेला आहे. त्यातून एका गावच्या हद्दीतील मालमत्ता वेगळी काढणे शक्य नाही. कलम १२५ प्रमाणे करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचा करार कारखान्याशी करावयाचा असेल, तर पंचायतीने आधी आपल्या नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीत कारखान्याच्या प्रत्येक इमारतीची मोजमापासह नोंद घ्यावी. ठोक रकमेची बोलणी त्या नोंदवहीवरूनच करावयाची असतात.